तटबंदीच्या आतलं गाव : पन्हाळा

माझ्या धाकट्याने मोबाइलवर इटलीतल्या मॉन्तेरिज्जोनी गावाचा फोटो दाखवला. टेकडीवर गोल तटबंदी आणि तिच्या आत वसलेली घरं. "अम्मी, आपल्याकडे असं गाव आहे का?" मी म्हटलं, "आहे बेटा! मॉन्तेरिज्जोनीचा तट जेमतेम ५७० मीटरचा. आपल्या पन्हाळ्याचा तट सुमारे ७ किलोमीटर आहे."

मग सुट्टीत आम्ही निघालोच. नाहूरहून लोकलने कल्याण, तिथून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. सकाळी कोल्हापूर आणि पुढे एस.टी.ने २० किलोमीटरचा चढ.

पन्हाळा हा नुसता किल्ला नाही. इथे नगरपालिका आहे, शाळा आहेत, बाजार आहे. सुमारे तीन हजार माणसं तटाच्या आत नांदतात.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड उभारला. पुढे यादव, बहमनी आणि आदिलशाही आली. १६५९ साली शिवाजी महाराजांनी गड घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने वेढा घातला. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलालही लढले, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगते. जुलैच्या पावसाळी रात्री महाराज निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी त्यासाठी प्राण दिले. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या साठ मावळ्यांसह गड पुन्हा जिंकला. नंतर १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी इथेच होती.

पाहायला खूप काही आहे. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं आहेत. एकट्या गंगेत २५ हजार खंडी धान्य मावायचं. अंधार बाव ही तीन मजली विहीर. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून ती अशी झाकून बांधली. सज्जा कोठीतून खालची दरी दिसते. पीर शहादुद्दीन यांच्या दर्ग्यालाही जा. गावकरी त्यांना 'सादोबा' म्हणतात, शेजारच्या तळ्यालाही तेच नाव. इथे हिंदू-मुस्लिम दोघेही माथा टेकतात. कवी मोरोपंतांचा जन्मही याच गावातला.

तीन दरवाजाशी धाकटा थबकला. वर फारसी शिलालेख आहे, त्यात इब्राहिम आदिलशहाचं नाव आहे. एकेक हर्फ लावत तो म्हणाला, "अम्मी, ही तर आपल्या उर्दूच्या पुस्तकातली अक्षरं!" मी म्हटलं, "हो, आणि हा गडही आपलाच." शिलाहारांचा दगड, आदिलशाही कमान आणि मराठ्यांचा पराक्रम हे सगळं एकाच तटात आहे. यातलं एकही वगळलं तर पन्हाळा पुरा सांगता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात पन्हाळाही आहे. अभिमानाची गोष्ट खरी, पण नियम कडक झाले तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या आपल्या घरांचं काय, ही काळजी तिथल्या लोकांना आहे. मला वाटतं, तटाइतकीच आतली माणसंही वारसा आहेत. गावकऱ्यांना सोबत घेऊनच हा गड जपला पाहिजे.

मुलांना घेऊन जरूर जा. पाणी सोबत ठेवा, कचरा परत आणा. आणि भिंतीवर आपलं नाव कोरू नका. तिथे आधीच पुष्कळांची नावं आहेत, ती मुलांना वाचून दाखवा.