हर्क्युलिस पाडला, हायड्रा उभी राहिली



दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. सहावीच्या वर्गात "सुट्टीत काय पाहिलं?" हा नेहमीचा तास चालू होता. आमच्या चांदीपहून वॉटर पार्क काही फार लांब नाहीत, त्यामुळे निम्मा वर्ग घसरगुंड्यांवरच बोलत होता. एका मुलाने मात्र दादाच्या मोबाइलवर परदेशातल्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ पाहिले होते. त्याने विचारलं, "बाई, हर्क्युलिस हे पाळण्याचं नाव आहे की माणसाचं?" वर्ग हसला. पण प्रश्न चांगला होता, म्हणून त्या दिवशीचा भूगोल बाजूला ठेवला.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलनटाउनजवळ डॉर्नी पार्क नावाचं मनोरंजन उद्यान आहे. तिथे १९८९ साली 'हर्क्युलिस' नावाचा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. (आपल्याकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेही १९८९ मध्येच. आज पालक असलेल्या अनेकांचा पहिला मोठा पाळणा तोच असेल.) या हर्क्युलिसची उंची होती ९५ फूट, पण गाडी खाली यायची १५१ फूट! हे कसं शक्य आहे, ते आधी मुलांनाच विचारा. माझ्या वर्गात उत्तर मागच्या बाकावरून आलं: "बाई, तो डोंगरावर असणार." बरोबर. रूळ टेकडीच्या उतारावरून खाली नेलेले होते, त्यामुळे मनोऱ्याच्या उंचीपेक्षा उतरण जास्त.

२००३ मध्ये हा हर्क्युलिस बंद करून पाडला आणि २००५ मध्ये त्याच जागी पोलादी रोलर कोस्टर आला. त्याचं नाव 'हायड्रा, द रिव्हेंज', म्हणजे हायड्राचा सूड. यात पायाखाली तळच नाही, पाय लोंबकळत राहतात. मोठा चढ येण्याआधीच गाडी हळूहळू पूर्ण उलटी फिरते. नाव ठेवणाऱ्याने मूळ गोष्ट वाचली होती, असं मला वाटतं. का, ते सांगते.

ग्रीक लोक या वीराला हेराक्लीस म्हणत, हर्क्युलिस हे रोमन नाव. लेर्ना गावाच्या दलदलीत हायड्रा नावाची अनेक डोक्यांची नागीण राहायची. एक डोकं तोडलं की तिथे दोन उगवायची. आपल्या रक्तबीजासारखंच, थेंब पडला की नवा राक्षस. एकट्याच्या ताकदीने काम होईना, तेव्हा हर्क्युलिसने पुतण्याला, इओलाऊसला हाक मारली. हा डोकं तोडायचा आणि पुतण्या जळत्या पलित्याने ती जागा डागायचा. एक डोकं मात्र अमर होतं. ते तोडून मोठ्या दगडाखाली पुरलं. म्हणजे हायड्रा पुरती मेलीच नाही! सोळा वर्षांनी पाळणा होऊन परत आली, इतकंच.

पुढचा भाग मुलांना फार आवडतो. राजा युरिस्थियसने हे काम मोजलंच नाही, कारण पुतण्याची मदत घेतली. ऑजियस राजाचा शेणाने भरलेला गोठा नद्यांचं पाणी वळवून एका दिवसात धुतला, तेही मोजलं नाही, कारण मजुरी ठरवली होती. म्हणून दहाची कामं बारा झाली. यावर वर्गात भांडण लावून द्या. "मदत घेतली तर मार्क कापायचे का?" आमच्याकडे तास संपला तरी भांडण संपलं नाही.

पण ही कामं त्याला करावी का लागली? हे कुठलाच पाळणा सांगत नाही. हेरा देवीने त्याला वेड लावलं आणि त्या भरात त्याने स्वतःच्या मुलांना मारलं. शुद्धीवर आल्यावर तो डेल्फीला गेला, तिथून त्याला युरिस्थियसची चाकरी करण्याची आज्ञा झाली. म्हणजे ही पराक्रमाची यादी नाही, प्रायश्चित्ताची आहे. डिस्नेच्या १९९७ च्या चित्रपटात तर हेरा प्रेमळ आई आहे आणि सगळं खापर पाताळाच्या हेडीजवर फोडलंय.

हे वर्गात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी एक वडील गेटवर थांबले. "बाई, पोरांना असलं कशाला सांगता? मजेची गोष्ट मजेत राहू द्या ना." त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. तिसरीच्या मुलांना मीही हे सांगणार नाही. पण सहावीतलं मूल रागाच्या भरात धाकट्या भावाला ढकलून देतं आणि मग दोन दिवस गप्प बसतं, हे आपण बघतोच की. त्याला न चुकणारा वीर काय कामाचा? मी त्या वडिलांना एवढंच विचारलं, "घरी आल्यावर त्याने काय सांगितलं?" ते म्हणाले, "विचारत होता, मग त्या माणसाला माफ केलं का." आम्ही दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

आणि ही गोष्ट परक्यांची म्हणून लांब ठेवू नका. आपल्या शेजारचं सोपारा हे जुनं शूर्पारक बंदर. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी धातूची मूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. मेगॅस्थनीसने मथुरेकडच्या लोकांचा देव 'हेराक्लीस' असं लिहिलं, तो बहुधा आपला कृष्णच असावा असं अभ्यासक मानतात.

शेवटी मुलांना 'तुमचा पाळणा काढा' असं चित्र दिलं. बहुतेकांनी नागिणीची डोकी काढली, कोणी नऊ, कोणी तीस. एका मुलीने मात्र गाडीत दोनच जागा काढल्या आणि मागच्या जागेवर पलिता धरलेला मुलगा बसवला. म्हणाली, "बाई, पुतण्याला कुणीच बसवलं नव्हतं."