चित्रकाराची पायवाट

विद्यार्थ्यांनो, एखादे चित्र आपल्याला फार आवडले, तर ते काढणारा माणूस नेमका कोठे उभा होता, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे का? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर पायी चालत जाऊन शोधता येते.

लंडनहून आगगाडीने सुमारे एका तासात मॅनिंगट्री नावाचे स्टेशन लागते. तेथून स्टूर नदीच्या काठाने एक पायवाट निघते. नदीच्या एका तीरावर सफक जिल्हा, तर दुसऱ्या तीरावर एसेक्स. वाटेत डोंगर नाही, किल्ला नाही. सपाट कुरणे, चरणाऱ्या गाई आणि पाण्यावर वाकलेली वाळुंजाची झाडे, एवढेच काय ते दिसते. तरीही दूरदूरचे लोक येथे येतात, कारण हा जॉन कॉन्स्टेबलचा मुलूख आहे. नाव ऐकून तुम्हांला पोलीस आठवला असेल. पण हा कॉन्स्टेबल चित्रकार होता.

त्याचा जन्म १७७६ साली जवळच्या ईस्ट बर्गहोल्ट गावी झाला. वडील धान्याचे मोठे व्यापारी. नदीकाठी फ्लॅटफर्ड येथे त्यांची पाणचक्की होती. लहानगा जॉन नदीपलीकडच्या डेडम गावातील शाळेत पायी जात असे. त्याने गिरणीचा व्यवसाय सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्याने काही काळ ते काम केलेही. परंतु मन चित्रांत गुंतलेले. शेवटी वडिलांनी नाराजीनेच परवानगी दिली आणि १७९९ साली तो लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेला. गिरणीतील दिवस मात्र वाया गेले नाहीत, असे मला वाटते. पवनचक्कीवर काम करणाऱ्याला वारा आणि ढग ओळखावेच लागतात. पुढे कॉन्स्टेबलने नुसत्या ढगांची कितीतरी चित्रे काढली आणि अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशाही लिहून ठेवली.

मॅनिंगट्रीहून सुमारे तीन किलोमीटर चालले की फ्लॅटफर्ड येते. येथे गिरणीच्या तळ्याजवळ जरा थांबा. समोर पांढऱ्या भिंतींचे एक जुने घर दिसते. त्यात विली लॉट नावाचा शेतकरी राहत असे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात तो फक्त चार रात्री घराबाहेर राहिला, असे सांगतात! याच जागेचे चित्र कॉन्स्टेबलने १८२१ साली काढले. त्याचे नाव ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी. चित्रात एक रिकामी गाडी पाण्यात उभी आहे. गाडी पाण्यात कशाला, असे तुम्ही विचाराल. उन्हाळ्यात लाकडी चाक वाळून आकसते आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होते. चाक भिजले की लाकूड फुगते व धाव पुन्हा घट्ट बसते. बैलगाडी वापरणाऱ्या घरातील मुलांना हे सांगायला नको.

गंमत अशी की, हे मोठे चित्र त्याने लंडनमध्ये बसून रंगवले. गाडीचे बारकावे आठवेनात, तेव्हा गावातील एका तरुण मित्राकडून गाडीची रेखाटने मागवली. लंडनच्या प्रदर्शनात ते विकले गेले नाही. १८२४ साली पॅरिसमध्ये मात्र त्याला सुवर्णपदक मिळाले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. स्वतःच्या देशात अकॅडमीचे पूर्ण सभासदत्व मिळेपर्यंत कॉन्स्टेबल बावन्न वर्षांचा झाला होता. ज्या पत्नीशी विवाह करण्यासाठी त्याने सात वर्षे वाट पाहिली, ती तो मान पाहण्यापूर्वीच, १८२८ साली, वारली होती.

फ्लॅटफर्डहून डेडमकडे जाणारी वाट मुळात घोड्यांसाठी होती. धान्याने भरलेल्या नावा पाण्यात आणि त्यांना दोराने ओढणारे घोडे काठावर, अशी वाहतूक चाले. गुरे इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून वाटेत आडवी कुंपणे होती. घोड्यांना ती उडी मारून ओलांडायला शिकवत. कॉन्स्टेबलने १८२५ साली अशाच उडी मारणाऱ्या घोड्याचे चित्र काढले. काही ठिकाणी वाट पलीकडच्या तीरावर जाई, तेव्हा घोड्यालाच नावेत चढवावे लागे. तेही त्याच्या एका चित्रात आहे.

चालताना दूरवर डेडमच्या चर्चचा मनोरा दिसतो. तो कॉन्स्टेबलच्या अनेक चित्रांत येतो. मात्र चित्राशी ताडून पाहाल, तर गोंधळाल. चित्र चांगले दिसावे म्हणून त्याने मनोरा कधीकधी चक्क हलवला आहे! बाकीचेही सारे जसेच्या तसे नाही. त्याच्या चित्रांतील उंच एल्म झाडे पाहायला मिळत नाहीत. १९७० च्या दशकात एका रोगाने इंग्लंडमधील लाखो एल्म मेले. इमारती मात्र शाबूत आहेत, कारण १९४३ साली फ्लॅटफर्ड नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले. गिरणीत १९४६ साली निसर्गाच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. तेथे मुले येऊन राहत आणि पाण्यातील किडे, वनस्पती यांची निरीक्षणे वहीत टिपत.

पुढे आणखी अर्धापाऊण तास कुरणांतून चालले की डेडम येते. चर्चजवळच लाल विटांची एक जुनी इमारत आहे. तीच जॉनची शाळा.