बोरीचा सातबारा आणि वेब फ्रेमवर्कची मार्गनिश्चिती

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी या गावचा सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर पाहायचा झाल्यास जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक अशा पायऱ्या उतराव्या लागतात. वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारताना नेहमी लागणारी कामे आधीच लिहून ठेवलेली आज्ञावलींची चौकट, हिच्यापुढचा मूळ प्रश्नही याच जातीचा असतो: आलेली विनंती नेमकी कुठे पोहोचवायची आणि तिथून उत्तर कोणत्या रूपात परत पाठवायचे.

वेबच्या आरंभीच्या काळात पानाचा पत्ता हा सर्व्हरच्या डिस्कवरील फाइलचाच पत्ता असे. 1993 मध्ये आलेल्या सीजीआय पद्धतीने पत्त्यामागे फाइलऐवजी प्रोग्रॅम चालवता येऊ लागला, परंतु प्रत्येक विनंतीसाठी तो नव्याने सुरू करावा लागे. 2004 मध्ये रुबी ऑन रेल्स आणि 2005 मध्ये, अमेरिकेतील लॉरेन्स शहराच्या वृत्तपत्रासाठी केलेल्या कामातून निघालेली जँगो ही फ्रेमवर्क खुली झाली, आणि पत्ता फाइलपासून सोडवून त्याची स्वतंत्र आखणी करण्याची रीत रुळली. या रीतीत राउटर हा घटक पत्त्यांच्या नमुन्यांची यादी बाळगतो, आलेला पत्ता ज्या नमुन्याशी जुळेल त्याला नेमून दिलेल्या फंक्शनकडे विनंती सोपवतो आणि पत्त्यातील बदलते भाग, जसे तालुका किंवा गाव, वेगळे काढून त्या फंक्शनला देतो. जँगो ही यादी वरून खाली वाचते आणि पहिल्या जुळणीवरच थांबते, म्हणून सर्वसाधारण नमुना विशिष्ट नमुन्याच्या वर लिहिला गेला तर खालच्या नमुन्यापर्यंत विनंती कधीच पोहोचत नाही.

महाराष्ट्राच्या जमीन नोंदींपाशी हे प्रकरण खरे कठीण होते. पोटहिस्सा पडला की गट क्रमांक 112/2 असा लिहिला जातो, आणि वेबच्या पत्त्यात हीच तिरपी रेघ दोन पायऱ्यांमधली सीमा मानली जात असल्यामुळे राउटरला एका गटाच्या जागी दोन तुकडे दिसतात. ही रेघ सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय आहे खरी, पण अपाची सर्व्हर आपल्या मूळ मांडणीत असा पत्ता फ्रेमवर्कपर्यंत जाऊच न देता 404, म्हणजे सापडले नाही, हे उत्तर परत करतो. त्यामुळे गट क्रमांक पत्त्याच्या वाटेत न गुंफता प्रश्नचिन्हानंतरच्या भागात किंवा पोस्ट विनंतीच्या पोटात पाठवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

गावाच्या नावाचेही तसेच आहे. ‘बोरी’ या शब्दात युनिकोडची 4 चिन्हे असून यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकाला 3 बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे दोन अक्षरी नाव प्रवासात 36 अक्षरांचे होते. फ्रेमवर्क ते बिनबोभाट उलगडते, पण जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक आणि यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब असताना नावावरून गाव ओळखणे धोक्याचेच आहे. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक मिळाला आहे. नोंद शोधण्याचा आधार तो असावा आणि नाव वाचकाच्या सोयीसाठी सोबत राहावे, ही मांडणी अधिक टिकाऊ आहे, कारण औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तशी नावे बदलतात आणि पत्त्यात नाव रुतलेले असेल तर जुन्या दुव्यांना 301 या कायमच्या बदलाच्या संकेताने नव्या जागी वळवत राहावे लागते.

विनंती योग्य फंक्शनपाशी आली की ते डेटाबेसमधून नोंद काढते आणि टेम्प्लेट, म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेला पानाचा साचा, त्यात ती भरून एचटीएमएल तयार करते. मोबाइल अ‍ॅपला तीच नोंद जेसन या सुटसुटीत रूपात दिली जाते. नावात चुकून वा मुद्दाम आलेली कोनकंसासारखी चिन्हे पानाची आज्ञा म्हणून वाचली जाऊ नयेत यासाठी चांगली टेम्प्लेट ती आपोआप निष्प्रभ करतात. प्रतिसादासोबत जाणाऱ्या तीन अंकी स्थितीसंकेताकडे मात्र अनेक ठिकाणी अक्षम्य दुर्लक्ष होते: पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ असे लिहून यंत्राला 404 ऐवजी 200, म्हणजे सर्व ठीक, असे कळवले की वाचणाऱ्या शेतकऱ्याला वस्तुस्थिती समजते, पण संकेतावर विसंबलेले अ‍ॅप ते रिकामे पानच गटाचा उतारा समजून जपून ठेवते.