वापरलेली बेस गिटार : निवड, निगा आणि सराव

धाराशिवच्या उत्तरेस बालाघाटाच्या रांगेत वसलेले येडशी हे गाव रामलिंग देवस्थान, तेथील अभयारण्य आणि कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावरील स्थानक यांमुळे सर्वांना परिचित आहे. अशा गावातील एखाद्या युवकाला वा युवतीला गायकवृंदात बेस गिटार वाजवावी असे वाटले, तर नवे वाद्य घेणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. मग पुण्या-मुंबईचा कोणी नातेवाईक वापरलेले वाद्य आणून देतो. घरात आनंद होतो आणि दोन महिन्यांनी ते वाद्य कपाटावर जाऊन बसते. बोटे दुखतात, सूर बेसूर लागतो, तार खरखरते. मुलाला संगीताचा कान नाही, असा निष्कर्ष घरचे काढतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष मुलाचा नसून न जुळवलेल्या वाद्याचा असतो आणि तो बहुधा थोडक्या खर्चात दूर होण्यासारखा असतो.

बेस गिटार हे वाद्य फार जुने नाही. माणसाच्या उंचीहून मोठा असा डबल बास वाहून नेणे वादकांना जिकिरीचे होई. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बेस'मुळे तेच मंद्र सूर गळ्यात अडकवता येणाऱ्या वाद्यातून निघू लागले. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा वाटा किती मोठा होता हे आपण जाणतोच. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील बेस गिटारवादक टोनी वाझ हे त्यांपैकीच एक. उपासनेपुरते सांगावयाचे तर, ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे जे संविधान प्रसिद्ध केले, त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, पवित्र कार्यास साजेशी असल्यास इतर वाद्येही त्या त्या प्रदेशातील अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असे म्हटले आहे. म्हणून आरंभीच आपल्या धर्मगुरूंशी बोलून घ्यावे, हे उत्तम.

वाद्य पाहावयास जाताना रंग आणि चकाकी यांकडे लक्ष देऊ नये. ओरखड्यांनी सूर बिघडत नाही. पाहावयाची ती दांडी. चार तारांचा एकत्रित ताण साधारण ७० ते ८० किलो असतो आणि तो वर्षानुवर्षे या लाकडावर पडत असतो. वाद्य बंदुकीसारखे डोळ्यासमोर धरून दांडीच्या दोन्ही कडा न्याहाळाव्यात. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली, म्हणजे दांडीला पीळ पडला असेल, तर ते वाद्य फुकट मिळाले तरी घेऊ नये. दांडी केवळ पुढे वा मागे वाकलेली असेल, तर मात्र उपाय आहे. जाड तार एका हाताने पहिल्या पडद्यावर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या पडद्यावर दाबावी. मध्यभागी, सातव्या-आठव्या पडद्याजवळ, तार व पडदा यांत एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फट फार मोठी असेल तर तारा दाबताना बोटे दुखतात. मुळीच नसेल तर तारा खरखरतात.

हा बाक दांडीच्या आत बसवलेल्या पोलादी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, कमी-जास्त करता येतो. बहुतेक वाद्यांत तिचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की फट कमी होते. तारा किंचित सैल करून, नेमक्या मापाच्या ॲलन कीने, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. मग तारा पुन्हा सुरात लावून एक दिवस थांबावे, कारण लाकूड सावकाश हलते. नट घट्ट बसला असेल तर जोर लावू नये. मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मित्राची मदत येथे अजिबात घेऊ नये, असे आम्ही प्रेमानेच सांगतो. तुटलेली सळई बदलण्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. नट आधीच झिजून गोल झाला असेल, तर विकत घेण्यापूर्वीच माघार घ्यावी.

बाकीचे दोष किरकोळ. आवाजाची कळ फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुधा जाते. वायर हलवली की आवाज तुटत असेल, तर जॅकचे डाग निसटलेले असतात. ते काम रेडिओ दुरुस्त करणारा कोणताही कारागीर करून देईल. काही वाद्यांत नऊ व्होल्टची बॅटरी असते. वायर खोचलेली असेतोवर ती खर्च होत राहते, म्हणून वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी. तारांचा खर्च मात्र खरा आहे. प्रत्येक सरावानंतर सुक्या सुती कापडाने तारा वरून व खालून पुसल्या तर त्या बराच काळ टिकतात. जुन्या तारांचा सूर मंद होतो, पण मंद सूर म्हणजे वाईट सूर नव्हे. डेट्रॉइटचे थोर बेसवादक जेम्स जेमरसन तुटल्याशिवाय तार बदलत नसत, अशी त्यांची ख्याती होती.

आपल्याकडील हवेचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. मे महिन्यात येथे चाळीस अंशांपर्यंत जाणारा कोरडा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ पावसाळी दमट हवा, या दोहोंत लाकूड आकसते आणि फुगते. उन्हाळ्यात पडद्यांची टोके दांडीच्या कडेला हाताला टोचू लागली, तर पडदे वाढलेले नसून लाकूड आकसलेले असते. वाद्य पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये. पावसाळा सुरू झाल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, अशी वर्षातून दोन वेळा वर सांगितलेली फट तपासावी. लाकडाला खोबरेल तेल लावण्याचा मोह टाळावा. त्यावर धूळ बसते आणि पुढे ते खवट होते. ठेवणीतले वाद्य मरत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्ग येथे सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफनर बेस गिटार १९७२ मध्ये चोरीस गेली होती. ती मूळ पेटीसह सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले आणि ती थोड्या दुरुस्तीने पुन्हा वाजण्याजोगी होती.

आता शिकण्याविषयी. शिक्षक नसला तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हार्मोनियम असते आणि तीच पुरेशी आहे. सर्वांत जाड तार म्हणजे पांढरी तीन, त्यानंतरची पांढरी सहा, मग पांढरी दोन आणि सर्वांत बारीक ती पांढरी पाच. पेटीवर सर्वांत खालच्या सप्तकातील हे सूर धरून एकेक तार लावावी. बेसचे सूर त्याहूनही खालचे असू शकतात, पण सूर तोच. एका तारेचा पाचवा पडदा म्हणजे पुढची मोकळी तार, हे ध्यानात ठेवले की तारा एकमेकींशी पडताळता येतात. मोकळी तार सुरात आणि बाराव्या पडद्यावर ती चढी वाजत असेल, तर ब्रिजवरील त्या तारेचा आधार स्क्रूने किंचित मागे, म्हणजे दांडीपासून दूर घ्यावा.

कोणत्याही पडद्यावर षड्ज धरा. त्याच्या शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढे पंचम मिळतो, आणि आणखी एक तार ओलांडून त्याच पडद्यावर वरचा षड्ज. या एवढ्या आकृतीत पहिले सहा महिने निघतात. पट्टी बदलली की हीच आकृती सरकवावयाची. पेटीवाल्याला काळी चार अवघड जाते, बेसवाल्याला नाही. केरव्यातील भक्तिगीत असेल तर पहिल्या मात्रेवर षड्ज आणि पाचव्या मात्रेवर पंचम, दादऱ्यात पहिल्या व चौथ्या मात्रेवर. तबल्याच्या डग्ग्याकडे कान ठेवावा आणि त्याच्यासोबत चालावे. केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली असते, तेथे सूर हळू वाजवला किंवा सोडून दिला तरी शोभतो. उजव्या हाताची पहिली दोन बोटे आलटून पालटून वापरावीत. डाव्या हाताची बोटे लहान असतील, तर खालच्या पडद्यांवर चार पडद्यांना चार बोटे ताणण्याचा हट्ट धरू नये. डबल बासवादकांप्रमाणे तीन पडद्यांत पहिले, दुसरे आणि करंगळी एवढेच वापरावे. नवशिका वादक जागा दिसली की सूर भरतो. गायकवृंदाला त्याच जागेत श्वास घ्यावयाचा असतो.

घरच्या टेपच्या स्पीकरला बेस जोडून आवाज वाढवू नये, पडदा फाटतो. सरावासाठी लहान बेस ॲम्प्लिफायर किंवा हेडफोन पुरे.

शेवटी विजेची बाब, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बेस गिटारच्या तारा वायरमार्फत ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाचे दोन्ही हातही. एका ठिकाणचे अर्थिंग सदोष असेल आणि त्याच वेळी ओठ मायक्रोफोनला लागले, तर वीज शरीरातून जाते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा मंचावरच अशा प्रकारे मृत्यू झाला. नाताळच्या किंवा सणाच्या मांडवात, जनरेटरवर, लांब एक्स्टेन्शनवर हा धोका अधिक असतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही काढून टाकू नये. ॲम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपक एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर जोडावेत, त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तारेला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर गीत अर्धवट राहिले तरी चालेल. वाद्य खाली ठेवून आधी मेन स्विच बंद करावा.