परभणी जिल्ह्यातील स्वातंत्र्यसैनिकांचे शासकीय सन्मान

हैदराबाद मुक्तिसंग्रामात (१९४७-४८) भाग घेतलेल्या परभणी जिल्ह्यातील नागरिकांना पुढे केंद्र व राज्य शासनाने स्वातंत्र्यसैनिकाचा दर्जा, ताम्रपट आणि सन्मान निवृत्तिवेतन दिले. हे लढवय्ये कोणत्याही सैन्याच्या पटावर नव्हते. शेतकरी, विद्यार्थी, वकील, शिक्षक अशी ही माणसे असल्याने त्यांनी केलेली सेवा सिद्ध कशी करावयाची, हा प्रश्न या सन्मानांशी आरंभापासून जोडला गेला.

पार्श्वभूमी

परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. आजचा हिंगोली जिल्हा आणि परतूर तालुका त्या वेळी त्यातच मोडत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही संस्थान भारतात विलीन न झाल्याने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. स्वामीजींना अटक झाली आणि लढ्याची सूत्रे सीमेपलीकडील छावण्यांतून हलू लागली. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडची छावणी त्यांपैकी एक. करोडगिरी नाकी व पोलीस ठाणी यांवर हल्ले करणे, सरकारी दप्तर जाळणे, शिंदीची झाडे तोडून निजामाचे उत्पन्न बुडविणे, अशी कामे कार्यकर्त्यांनी केली. वसमत भागातील बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.

एकच लढा, दोन सन्मान

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले, युद्ध नव्हे. नळदुर्गजवळ धारातीर्थी पडलेले हवालदार बचित्तर सिंग आणि तुंगभद्रेच्या पुलावर शौर्य गाजविणारे नाईक नरबहादूर थापा यांना १९५२ साली अशोकचक्र (वर्ग १) देण्यात आले. छावण्यांतील नागरिकांना मात्र केंद्राच्या सन्मानासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त त्या वर्षी ताम्रपट वाटण्यात आले आणि १५ ऑगस्टपासून केंद्राची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. प्रारंभी महिना २०० रुपये मिळत व वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असलेल्यांना योजनेचा लाभ नसे. १९८० मध्ये ही मर्यादा उठविण्यात आली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. सहाय्य आणि सन्मान यांतील भेद लक्षात घेतला, तर हा बदल केवळ नावाचा नव्हता.

मराठवाड्याच्या दृष्टीने एक तरतूद निर्णायक ठरली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर संस्थानांच्या विलीनीकरणासाठी झालेली आंदोलनेही स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानली गेली. तसे झाले नसते, तर परभणीचा हा सारा लढा तारखेच्या एका रेषेपलीकडे राहिला असता.

पुराव्याचा प्रश्न

केंद्राच्या योजनेत सामान्यतः सहा महिन्यांचा कारावास किंवा तितकाच भूमिगत काळ आवश्यक असे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी कारावासाची अट तीन महिन्यांची होती. तुरुंगात गेलेल्याची नोंद दप्तरात सापडू शकते; भूमिगताचे यश मात्र नोंद न होण्यातच असते. ज्याच्या नावे वॉरंट निघाले नाही, त्याच्यापाशी दाखविण्यास कागद नसे. राज्याच्या ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयानुसार भूमिगत अर्जदारास किमान दोन वर्षे तुरुंगवास किंवा फरारी अवस्था भोगलेल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे जोडावी लागत. असे साक्षीदार वर्षागणिक कमी होत गेले, हे सांगावयास नको. भाकरी पोहोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, शस्त्रे धान्यात दडविणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून अवघड होती. धोपटेश्वरच्या (ता. बदनापूर) दगडाबाई शेळके यांच्यासारखी नावे लोकांच्या स्मरणात राहिली, बहुतेकींची कामे घरातल्या माणसांनीही सेवा म्हणून मोजली नाहीत.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात खोटी प्रमाणपत्रे जोडून स्वातंत्र्यसैनिक झाल्याची प्रकरणे उघड झाली. त्यांच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्तींची नेमणूक झाली आणि २००५ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तत्पूर्वी १९९३ मध्ये, हैदराबाद संस्थानातील आर्य समाजाच्या चळवळीशी संबंधित खटल्यात, उशिरा अर्ज केला एवढ्याच कारणाने सन्मान नाकारता येणार नाही, असे याच न्यायालयाने म्हटले होते. २००१ च्या एका निकालात पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कठोर नसावी, असेही स्पष्ट झाले. खोट्यांना रोखण्यासाठी अटी कडक करावयाच्या, तर खरा पण कागद नसलेला मनुष्य बाहेर राहतो, ही अडचण कोणत्याही निकालाने पूर्णपणे सुटलेली नाही.

सद्यस्थिती

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने स्वातंत्र्यसैनिकांचे मासिक निवृत्तिवेतन १० हजारांवरून २० हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्यात मराठवाडा मुक्तिसंग्रामातील सैनिकांचाही समावेश आहे. स्वातंत्र्यसैनिकाच्या मृत्यूनंतर केंद्राचे निवृत्तिवेतन पती किंवा पत्नीस व त्यानंतर अविवाहित मुलींस मिळते. दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते.