स्थलांतरित गोलरक्षकाची युरोपीय कारकीर्द : गुरप्रीतसिंग संधू यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा परिसरातून अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. त्यामुळे ‘स्थलांतर’ या शब्दाने येथे प्रथम मजुरांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. व्यावसायिक खेळाडूचे परदेशगमन हेही एक प्रकारे श्रमाचेच स्थलांतर होय; मात्र त्यास परवाना, करार व स्पर्धा यांची वेगळी बंधने असतात. प्रस्तुत लेखात फुटबॉलमधील गोलरक्षकाच्या संदर्भात या बंधनांचे स्वरूप स्पष्ट करण्यात आले आहे.

स्थानाची मर्यादा :
मैदानावरील अकरा खेळाडूंत गोलरक्षक एकच असतो. आघाडीच्या राखीव खेळाडूस उत्तरार्धात संधी मिळू शकते; राखीव गोलरक्षकास मात्र मुख्य गोलरक्षकाची दुखापत, निलंबन किंवा दुय्यम स्पर्धा यांची वाट पाहावी लागते. शिवाय बचावफळीस सतत सूचना देणे हे त्याचे काम असल्याने परकी भाषा ही त्याच्यापुढील व्यावसायिक अडचणच ठरते.

परवान्याचा प्रश्न :
2009 मध्ये सुनील छेत्री यांना इंग्लंडमधील क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबसाठी कार्यपरवाना नाकारण्यात आला. राष्ट्रीय संघ ‘फिफा’ क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये असावा, अशी तेव्हा अट होती व भारत त्यात बसत नव्हता. म्हणजेच खेळाडूच्या गुणवत्तेआधी त्याच्या देशाचे स्थान मोजले गेले.

संधू यांचा अनुभव :
गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले व 2022 मध्ये पद्मश्रीने गौरविले गेले; परंतु त्यांच्या पिढीची कारकीर्द देशांतर्गत स्पर्धांतच घडली. पंजाबचे गुरप्रीतसिंग संधू मात्र 2014 मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालमधून नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये दाखल झाले. तेथील मुख्य गोलरक्षक सायूबा मांदे हेही आयव्हरी कोस्टहून आलेले होते. एकाच जागेसाठी दोन स्थलांतरितांमध्ये स्पर्धा होती. संधू यांना नॉर्वेच्या सर्वोच्च साखळीतील पहिल्या सामन्यासाठी मे 2016 पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी 30 जून रोजी ते युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात उतरले. पण दुखापतीमुळे त्यांना तो सामना अर्धवट सोडावा लागला. 2017 मध्ये ते बेंगळुरू एफसीकडून खेळण्यासाठी मायदेशी परतले.

केवळ सामन्यांची संख्या पाहिल्यास ही तीन वर्षे अल्पफलदायी वाटतील. तथापि सप्टेंबर 2016 मध्ये मुंबईत प्युर्टो रिकोविरुद्ध त्यांनी भारताचे नेतृत्व केले. सप्टेंबर 2019 मध्ये दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला भारताने 0-0 असे रोखले, त्या सामन्यातही तेच कर्णधार व गोलरक्षक होते.

निष्कर्ष :
गोलरक्षकाचे स्थलांतर सामन्यांच्या आकड्यांनी मोजणे अपुरे आहे. राखीव म्हणून काढलेला काळ हा शिक्षणाचा काळ असू शकतो. मात्र तो पेलण्यासाठी भाषा, कराराचे ज्ञान व आर्थिक आधार यांची पूर्वतयारी आवश्यक ठरते. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी होतकरू खेळाडूस मैदानी सरावाबरोबर ही तयारीही द्यावी. अन्यथा, सातपुड्यातील एखादा गुणी युवक संधीपर्यंत पोहोचूनही केवळ प्रतीक्षेमुळे खचून परत फिरण्याची शक्यता राहते.