कठीण पदार्थ झिजतात कसे?

जात्याला नवी टाकी लावली की पहिल्या दळणात कच येते, हे घरोघरी ठाऊक आहे. दगड साबणाच्या वडीसारखा झिजत नाही. त्याचा एकेक कण सुटून पिठात उतरतो. तेव्हा दगड किती कठीण, एवढेच पाहून भागत नाही. त्याचे कण केवढे आणि ते एकमेकांना कसे धरून आहेत, हेही पाहावे लागते.

हल्लीच्या नव्या सिरॅमिक पदार्थांचेही असेच आहे. पंपाच्या सीलची कडी, बेअरिंगमधल्या गोळ्या, झिजलेल्या खुब्याच्या सांध्यात बसवायचा गोळा, या वस्तू बारीक भुकटी दाबून, मोठ्या आचेच्या भट्टीत भाजून करतात. फ्रान्समध्ये बुतँ या शल्यवैद्यांनी १९७० साली ॲल्युमिनाचा सांधा प्रथम बसविला. त्या काळच्या ॲल्युमिनाचे कण बरेच जाड असत. भट्टीत माल जास्त वेळ राहिला की कण वाढतात. शिवाय ॲल्युमिनाचा स्फटिक निवताना सर्व बाजूंनी सारखा आक्रसत नाही, त्यामुळे शेजारशेजारच्या कणांत ओढाताण राहते. कण जितका मोठा, तितकी तेथे चीर पडणे सोपे. बराच काळ झीज दिसतच नाही, आणि मग एकाएकी कण निखळू लागतात. निखळलेला कण दोन पृष्ठभागांमध्ये सापडला की तोच कच बनतो! पुढे हे कण दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांशांच्या, खाली आणले गेले. (शिक्षकांनी फुटक्या कौलाची आणि फुटक्या कपाची कड मुलांना भिंगातून दाखवावी, जाड-बारीक पोत म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागणार नाही.)

आता पाण्याचे पाहा. ॲल्युमिनावर पाणी मऊसर पातळ थर धरते आणि घर्षण कमी होते. सिलिकॉन नायट्राइड तर पाण्यात घासता घासता आरशासारखे गुळगुळीत होते. पण झिरकोनियाशी पाण्याचे वैर आहे.

झिरकोनियाची खुबी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ साली दाखविली. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, सुमारे चार टक्के फुगतात आणि चिरेला आवळून धरतात. यिट्रिया मिसळून हे स्फटिक जणू दबा धरून बसविलेले असतात. परंतु ऊबदार ओलाव्यात ते चीर नसतानाही रूप बदलू लागतात. मग पृष्ठभाग फुगतो, खडबडीत होतो, बारीक भेगा पडतात, कण सैल होतात. ज्या गुणाने पदार्थ चिवट झाला, तोच गुण येथे त्याच्या मुळावर येतो. माणसाचे शरीर म्हणजे ऊब आणि ओलावा दोन्ही!

याची किंमत रुग्णांनी मोजली. एका फ्रेंच कारखान्याने १९९८ साली भाजण्याची भट्टी बदलली. भुकटी तीच, पण भाजणी बदलल्याने आतली रचना बदलली. रुग्णांच्या शरीरात बसविलेले काही गोळे थोड्याच काळात फुटले आणि २००१ साली माल परत मागवावा लागला. फुटलेला गोळा काढायचा म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया आलीच.

त्यानंतर ॲल्युमिनात झिरकोनियाचे बारीक कण पेरलेला मिश्र पदार्थ सांध्यांसाठी पुढे आला. नुसत्या झिरकोनियाचा नमुना प्रेशर कुकरसारख्या बंद पात्रात १३४ अंश सेल्सियसच्या वाफेत पाच तास ठेवतात आणि किती स्फटिकांनी रूप बदलले ते क्ष-किरणांनी मोजतात.